फटकारे सारखे दिसले म्हणून…

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील पूर्व-पश्चिमेच्या अमूर्त कलेवरचा लेख वाचला. मराठी दैनिकात या विषयाला एवढी जागा मिळाली, याचा फार आनंद झाला. मात्र अमेरिकन अमूर्त चित्रकार फ्रान्झ क्लाइन आणि जपानी सुलेखनकारांची कामे शेजारी छापून ‘दोन्ही एकच’ असा जो निष्कर्ष काढला आहे, तो पटला नाही.

दोन्हीकडच्यांची एकमेकांच्या कामाशी ओळखदेख होती, हे खरे. जपानी सुलेखनकार मोरिता शिर्यू यांच्या ‘बोकुबी’ या सुलेखनविषयक मासिकाच्या १९५१ मधील पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर क्लाइन यांचे चित्र होते. पण क्लाइन कॅनव्हासवर काळ्याइतकाच पांढराही रंगवत. काळ्यावर पांढरा चढवून कडा बदलत आणि बरेचदा आधीच्या छोट्या रेखाटनांवरून मोठे चित्र उभे करत. सुलेखनात ही मुभा नाही. कागद शाई पितो, ओढलेला फटकारा मागे घेता येत नाही, पांढरा असतो तो कागदाचाच. कोणता फटकारा आधी आणि कोणता नंतर, तेही अक्षरानेच ठरवलेले असते. वर्तमानपत्रातल्या चार इंची छायाचित्रात हे सगळे पुसले जाते.

जपानी सुलेखनकार इनोउए युइची यांना लेखात एकच ओळ मिळाली, याचे वाईट वाटले. ते पेशाने शाळामास्तर आणि १९५२ च्या ‘बोकुजिनकाई’ या सुलेखनकारांच्या गटाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी मधल्या काळात अक्षर सोडून इनॅमल रंगाने नुसते फटकारे मारून पाहिले होते, आणि नंतर ते अक्षराकडेच परतले. टोकियोवर १० मार्च १९४५ ला बॉम्बवर्षाव झाला तेव्हा ते योकोकावा शाळेत रात्रीच्या ड्युटीवर होते. आसऱ्याला आलेली माणसे तिथे होरपळून मेली, इनोउए मात्र बचावले. त्या रात्रीची हकीकत त्यांनी १९७८ मध्ये, ३३ वर्षांनी, कुंचल्याने लिहिली. शाईचे डाग, खाडाखोड, एकमेकांवर चढलेल्या ओळी, सगळे तसेच ठेवले. पण तो मजकूर आहे, वाचण्यासाठी लिहिलेला. त्याला नुसता ‘आवेगपूर्ण आकार’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

यापुढे अशी कामे छापताना माध्यम, आकार, वर्ष आणि अक्षर असेल तर त्याचा अर्थ (जपानी सुलेखनातले एक अक्षर बहुधा अख्खा शब्दच असते) चित्राखाली द्यावा, ही विनंती. शिवाय पुढचा लेख देवनागरीत काम करणाऱ्या एखाद्या सुलेखनकाराकडून लिहून घ्यावा. र. कृ. जोशी, अच्युत पालव यांच्या महाराष्ट्रात असे लिहिणारे नक्की मिळतील.

– एक कलाशिक्षक, सांगली