फोटो मोठा करून बघितला

चिपळूण
१५ जुलै २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दळव्यांचा मंदार उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला निघालाय. त्याच्याबरोबर आंबापोळी, कुळथाचं पीठ आणि मे महिन्यात टाकून गेलेले तुझे दोन कुर्ते पाठवतेय. दोन्हींच्या बाह्या उसवून सैल केल्यात. दंड काय भरलेत गं तुझे! त्या भिंतीवर चढायच्या क्लासनेच ना? मापं बदलली की सांगत जा, मी आपली जुन्या वहीतल्या आकड्यावर कापत बसते.

पिशवीत जागा होती म्हणून हे पत्र. फोनवर आपलं दोन वाक्यांपुढे जात नाही. रविवारी फोन तू ठेवलास की रेंज गेली यावर ओमचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही, तेव्हा तो विषय सोडू. आणि तुझ्या त्या धबधब्यावरच्या फोटोबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच पेन हातात घेतलंय.

घरचं सांगते. बाबांचा गुडघा तसाच आहे. माळ्यावर चढताना कुरकुरतात, पण जूनचा पहिला पाऊस झाला तशी कागदांची पेटी, तांदळाचे डबे आणि माझं पिको-फॉलचं मशीन वर गेलंच. ओव्हरलॉक यंदा ओमने एकट्याने उचललं. घरावर मजला चढवायचं बाबांच्या डोक्यातून गेलेलं नाही. निळ्या पूररेषेत घर आहे म्हटल्यावर परवानगीचं कठीण, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं, तरी रात्री जेवल्यावर वहीत जिन्याची चित्रं काढतात. काढू देत. सुमाआत्या गौरीला येते म्हणालीय, ते प्रकरण मिटलं असं समजायचं की काय कोण जाणे.

ओमचं दहावीचं वर्ष. अभ्यास करतो म्हणजे पुस्तक उघडं असतं. पण पुस्तकं मात्र कोणी न सांगता वरच्या फळीवर ठेवतो, जुलै लागला की. परवा रात्री दोनला मला जाग आली, पाऊस नुसता कोसळत होता. बघते तर हा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला, मोबाईलचा उजेड खाली टाकून. म्हटलं, काय रे? तर म्हणे, पाणी प्यायला उठलो. बाटली उशाशी असते त्याच्या. मी काही बोलले नाही, शेजारी बसले थोडा वेळ. ओठांवर मिसरूड फुटलंय आता त्याच्या, आणि बसायची जागा तीच. पुराच्या दिवशी अकरा वर्षांचा होता. "आई, चौथी पायरी गेली. आई, पाचवी गेली."

बघ, निघालाच विषय.

तू म्हणालीस पूर वेगळा आणि धबधबा वेगळा, दोन्ही एकत्र करू नको. मी शिकलेली कमी असेन, पण वाशिष्ठीच्या काठी जन्म गेलाय. २०२१ च्या २२ जुलैला आपल्या डोक्यावर पडलेल्या पावसाने एकट्याने काही पाणी आलं नाही. वर घाटात कोसळत होता, वीज करून झालेलं कोयनेचं पाणी पोफळीकडून नदीला मिळतंच, आणि खालून दाभोळच्या खाडीची भरती. आषाढी होऊन दोन दिवस झालेले, पौर्णिमा तोंडावर, म्हणजे भरतीही उधाणाची. नदीला जायला वाटच नव्हती, ती पेठेत आली. तुझ्या धबधब्याचंही तसंच गो. तू उभी असतेस तिथे ऊन पडलेलं असेल, आणि वर तीन डोंगर पलीकडे तासाभरापूर्वी काय पडून गेलंय ते तुला दिसत नाही. पाण्याचा रंग बदलला, पाला आणि काटक्या वाहत यायला लागल्या, की फोटो राहू दे, सामान राहू दे, बाहेर निघायचं. आपल्या बाजूला नाही, उंचाच्या बाजूला. गुडघाभर पाणी आहे म्हणून हसायचं नाही, धावतं पाणी गुडघ्यातच माणूस पाडतं. हे तुझ्या त्या ग्रुपवाल्या सरांना विचार, खोटं असेल तर सांग.

गेल्या वर्षी भुशी धरणाजवळ एकाच घरातली माणसं एकमेकांना धरून उभी होती, तो व्हिडिओ मी पुरता बघू शकले नाही. यंदा कुंडमळ्याचा पूल, माणसांसकट कोसळला. तुम्ही पुण्याचे लोक रविवार आला की पाणी शोधत का निघता, मला खरंच कळत नाही. आमच्याकडे पाणी घरी येतं.

झालं, सुरू झाले मी. माफ कर. तू वीस वर्षांची आहेस, मतदान करतेस, तुझ्या हॉस्टेलच्या मेसचा हिशोब तू बघतेस. मी तुझ्या वयाची होते तेव्हा सासरी येऊन आजीच्या हाताखाली खोबरं खवत होते आणि तोंड वर करून बोलायची टाप नव्हती. तू बोलतेस ते मला आवडतं, खरं सांगते. फक्त माझ्याशी नको इतकं.

आठवतं तुला, गुहागरला पहिल्यांदा नेलं होतं? तुला कसं आठवणार, तीन-साडेतीनची होतीस. बाकीची पोरं लाट आली की किंचाळत मागे पळत होती. तू नाही. तू सरळ चालत सुटलीस, जसं काय पलीकडे कोणी हाक मारतंय. आजीने धावत जाऊन फ्रॉकचा पट्टा धरला, तो तुटून तिच्या हातात आला, मग तिने वेणी धरली. संध्याकाळी मला म्हणाली, "हिला भय घालायचं राहिलंय, तू घाल." मी काय घालणार? त्या फ्रॉकला दुसरा पट्टा लावला, दुहेरी शिवण घालून.

मग ते पुराच्या दिवशीचं इन्सुलिन. त्यावर आपण कधी बोललोच नाही. बाबा तेव्हा घाटापलीकडे कराडला अडकलेले. तुझा दहावीचा निकाल लागून आठवडा झाला नव्हता. परीक्षा न होता लागलेला निकाल, पेढे वाटायचे की नाही यावरच वाद चालला होता. आम्ही सगळं वर नेलं आणि आजीचं औषध खाली फ्रिजमध्ये राहिलं. मी जाते म्हटलं तर तू म्हणालीस, "तुला पोहता येत नाही, मला येतं." यावर काय बोलायचं? आजीने पेटीतून जुनं लुगडं काढलं. तुझ्या कमरेला गाठ मारली ती मी. दुसरं टोक कठड्याला एक वेढा देऊन माझ्या हातात. तू छातीभर पाण्यात उतरलीस आणि स्वयंपाकघराकडे वळलीस, तिथून पुढे मला दिसत नव्हतीस. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता हे नंतर तू सांगितलंस. मला फक्त लुगड्याला बसणारे हिसके कळत होते.

मग ते थांबले. मी ओढलं. ओलं लुगडं सुळकन माझ्याकडे आलं, नुसतं. टोक हातात घेऊन बघितलं आणि कळलं. गाठ सुटली नव्हती, सोडली होती. माझी गाठ आपोआप सुटत नाही, मनू.

हाका मारल्या असतील मी, मला आठवत नाही. ओम सांगतो, मी काहीच बोलत नव्हते. तो सातव्या पायरीशी होता. ती बुडायच्या आत तू आलीस, दातात प्लास्टिकची पिशवी धरून. "टेबलाच्या पायात अडकत होतं म्हणून सोडलं," म्हणालीस. आणि हसलीस.

सगळी आळी तुझं कौतुक करते. आजी शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझ्या नातीने मला जगवलं. खरंच आहे ते, पुढची तीन वर्षं तिला मिळाली ती तुझ्यामुळे. पण ती गोष्ट लुगड्यापर्यंत आली की मी चहा टाकायला उठायचे. तू कधीतरी म्हणाली होतीस, आई कधी चांगलं बोलत नाही. चांगलंच वाटतं गं. इतकं वाटतं की शेजारणींसमोर बोलताना घसा भरून येतो, आणि दुसऱ्या क्षणाला ते मोकळं टोक हातात आल्यासारखं होतं. दोन्ही एकदम कसं बोलायचं?

पुराच्या दिवशी तू रडली नव्हतीस. रडलीस ती चार दिवसांनी, वाचन मंदिराची भिजून फुगलेली पुस्तकं बाहेर काढताना बघून. मी तेव्हा अंगणात मशीन खोललं होतं. शटल, बॉबिन केस, सगळ्या खाचांत तो राखाडी चिखल बसलेला, वाळला की सिमेंट. डिझेलच्या टोपात एकेक भाग बुडवून तू जुन्या टूथब्रशने घासत होतीस, नाकाने सूं सूं करत. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांचा अख्खा गठ्ठा गेला होता, लग्नाचे होते त्यातले काही. कोणीही पैसे मागितले नाहीत, हे या गावाचं मी कधी विसरणार नाही. ज्या दिवशी मशीनचा पहिला टाका सरळ पडला त्या दिवशी तू म्हणालीस, "आई, आता मला एक सॅक शिवून दे." मी शिवली. तीच घेऊन हिंडतेस ना अजून? चेन बदलायला झाली असेल.

तर तो फोटो. लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही असं दिसतंय. मी तो मोठा करून बघितला. ओमच्या मोबाईलवर, माझ्यावर नीट दिसत नाही. मागे पाणी कोसळतंय, बाकी सगळ्यांनी दोर धरलाय. तू कड्याच्या टोकाला, दोन्ही हात वर. कमरेचा पट्टा दिसतो. त्याची कडी रिकामी आहे, दोराला लावलेली नाही. तू म्हणालीस, फोटोपुरती काढली होती, दोन मिनिटं. हेच ते, मनू. मला धबधब्याचं काही नाही, रॅपलिंग की काय त्याचंही नाही. अडकतंय म्हणून, फोटोपुरतं म्हणून, दोन मिनिटं म्हणून तू सोडतेस.

पट्ट्याची शिवण मात्र बघितली. चांगली आहे. भार येतो तिथे आडव्या टाक्यांची दाट पट्टी घातलीय, तशीच हवी, नुसती सरळ शिवण उसवत गेली असती. पण पट्टा भाड्याचा आहे की ग्रुपचा? किती पावसाळे वापरलाय? नायलॉनचा धागा उन्हाने आतून कुजतो, वरून रंग तेवढा विटलेला दिसतो. घालायच्या आधी टाक्यांवरून नख फिरव. भुसा निघाला किंवा केसाळ लागलं तर घालू नको, आणि दुसऱ्या कोणाला घालू देऊ नको. सर काहीही म्हणोत. शिवणीतलं त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं.

आता उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या कोर्सचं. बाबा नाही म्हणालेत, पण त्यांचं नाही दोन प्रकारचं असतं, हे त्यातलं मऊ आहे. ओमने शोधून मला २०२२ साली द्रौपदी का दांडा या शिखरावर शिकायला गेलेल्या मुलांवर बर्फ कोसळला त्याचं सगळं वाचून दाखवलं. दोन दिवस मी कातरी हातात धरली नाही. तरी विचार केला. तिथे २८ दिवस कोणीतरी तुझ्या डोक्यावर उभं राहील आणि कडी न लावता पाऊल टाकलंस तर सगळ्यांसमोर झापेल. माझं तू ऐकत नाहीस, त्यांचं ऐकशील. नसशील ऐकत तर परत पाठवतील, तेही चालेल मला.

लग्नसराईच्या शिलाईचे पैसे बाजूला ठेवलेत. फॉर्म भर. बाबांना मी सांगते, तू मध्ये पडू नको, आणि आत्याला तर अजिबात कळवू नको. स्वेटर, मोजे काय लागतं त्याची यादी पाठव. थर्मल बाहेरून घे, ते मला शिवता येत नाही.

शनिवारी परत कुठे जाणार असाल तर जा. जाताना आणि आल्यावर मेसेज कर, पण तो ओमला कर, मला नको. जागेचं नाव मला कळलं तर मी भांडेन, माझा मला भरवसा नाही. ओमला मी विचारणार नाही. विचारलं तर त्याने सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय.

मंदारकडून स्टीलचा डबा रिकामा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत. आंबापोळी मैत्रिणींना दे, एकटी खाऊ नको, पोट बिघडतं तुझं.

तुझी आई

ता. क. सॅकची चेन कितव्या नंबरची ते डब्याबरोबर चिठ्ठीवर लिहून पाठव. आणि खांद्याच्या पट्ट्याची शिवणही बघ, नख फिरवून.