व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांची बैठक तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे तीन वर्षे व्हायोलिन शिकणारी १३ वर्षांची एक मुलगी गेल्या महिन्यात रडवेल्या चेहऱ्याने वर्गात आली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट रात्री बधिर होते, असे तिने सांगितले. हा त्रास दोन-अडीच महिने चालू होता. इतके दिवस का बोलली नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘रियाज वाढला की दुखणारच, असे मला वाटले.’’ हे ऐकून मला मनापासून वाईट वाटले, कारण मी विद्यार्थी असताना मलाही हेच सांगितले गेले होते आणि ते खरे मानून मी अनेक वर्षे मान व खांद्याचे दुखणे अंगावर काढले. म्हणून हे पत्र.

व्हायोलिन जेमतेम अर्ध्या किलोचे वाद्य आहे. अपाय होतो तो वजनाने नव्हे, तर ते तासन्‌तास एकाच स्थितीत धरून ठेवल्याने. डाव्या हाताचे कोपर वाकलेले, तळहात स्वतःकडे वळलेला आणि बोटे तारांवर दाबलेली, अशा अवस्थेत कोपराच्या मागून जाणारी नस ताणली जाते. कोपर कशावर आपटले की झिणझिण्या येतात, त्या याच नसेमुळे. आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची संवेदनाही तिच्यावरच अवलंबून असते. गज धरणारा उजवा हात तर सतत अधांतरी असतो, त्यामुळे त्या बाजूचा खांदा वेगळ्या कारणाने दुखतो.

पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये पेलले जाते. लुई स्पोर या जर्मन वादकाने १८२० च्या सुमारास हनुवटीसाठी आधार बसवला, त्यामागे वाद्य स्थिर राहावे आणि डावा हात मोकळा व्हावा हाच हेतू होता. आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्यासारख्या वादकांनी हे परके वाद्य आपल्या मैफलीत रुजवले, ते मांडी घालून बसण्याच्या बैठकीवर. व्हायोलिनचा शेंडा (खुंट्यांकडचे टोक) उजव्या पावलावर टेकतो, भार पायावर जातो आणि मींड, घसीट यांसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्यासाठी, डावा हात तारेवर निर्वेधपणे सरकू शकतो. ही योजना मला आजही अत्यंत सुंदर वाटते. मात्र तिची किंमत कंबर मोजते. वाद्य पायाकडे झुकले की वादकही त्याच्याबरोबर पुढे झुकतो, पाठीला पोक येते, मान खाली जाते आणि उजवा पाय बधिर होतो. बैठकीखाली दोन-तीन इंच उंचीची कापडाची घट्ट घडी ठेवून नितंब गुडघ्यांपेक्षा वर आणले तर कणा बऱ्याच अंशी सरळ राहतो. परंतु ही साधी गोष्ट मला कोणी शिकवली नाही, ती चाळिशीत एका फिजिओथेरपिस्टकडून कळली.

मुलांच्या बाबतीत मोठी चूक वाद्य विकत घेतानाच होते. ‘एकदाच घ्यायचे तर मोठेच घेऊ’ या विचाराने आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती पूर्ण मापाचे व्हायोलिन दिले जाते. पाव, अर्धे आणि पाऊण अशी लहान मापे बाजारात मिळतात. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पूर्ण लांब केला असता शेंडा तळहातात सहज मावला पाहिजे; तो बोटांच्या टोकापर्यंत किंवा त्याही पुढे जात असेल तर ते वाद्य त्या मुलासाठी मोठे आहे. माझी ही विद्यार्थिनीही मोठ्या बहिणीचेच व्हायोलिन वाजवत होती आणि ते माझ्या नजरेतून सुटले, याची जबाबदारी मी घेतो. ऑनलाइन शिकवण्यांत तर कॅमेरा बोटांवर रोखलेला असतो. गुरूला विद्यार्थ्याची पाठ दिसतच नाही.

दुखणे सांगितले तर कलेतली निष्ठा कमी ठरेल, ही भीती मुलांच्या मनातून जायला हवी. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले तेव्हा शारीरिक ताणाने व थकव्याने त्रस्त होते. मुंबईत त्यांची पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली, योगाभ्यासाने त्यांना आराम पडला आणि १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले. मेन्युहिन यांनी भेट दिलेल्या घड्याळावर योगगुरूंचा उल्लेख ‘माझे सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक’ अशा अर्थाच्या शब्दांत कोरलेला आहे. इतक्या मोठ्या कलावंताला आपल्या शरीराची तक्रार सांगण्यात कमीपणा वाटला नाही.

प्रारंभिक ते विशारद अशा परीक्षा घेणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, वादनाच्या प्रात्यक्षिकात बैठक, खांद्यांची स्थिती आणि वाद्याचे माप यांनाही थोडे गुण ठेवावेत. परीक्षेत विचारले जाते ते वर्गात आपोआप शिकवले जाते. शिक्षकांनी दर वीस-पंचवीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवायला लावावे. बधिरपणा किंवा मुंग्या आठवडाभर टिकल्या तर पालकांनी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर रियाज थांबवावा. माझी विद्यार्थिनी सध्या डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार पाऊण मापाच्या व्हायोलिनवर दिवसातून दोनदा, प्रत्येकी १५ मिनिटे वाजवते आहे.

आपला विश्वासू,
एक व्हायोलिनशिक्षक, पुणे