सईस पत्र

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा मी चिडलो होतो. आज शांत आहे, म्हणून लिहायला बसलो. नोकरीबद्दल काही विचारायचं नाही, असं आईने बजावलंय.

अमेरिकेने पदवीबरोबरच ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात द्यायला हवं, असं मी म्हणालो. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, मग कॉलेजं शिकवणार नाहीत, कार्डच विकत बसतील." तुझा मुद्दा पटला. जून २०२४ मध्ये ट्रम्प निवडणुकीच्या धामधुमीत अगदी माझ्यासारखंच बोलले होते, ज्युनिअर कॉलेजवाल्यांनाही, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजवाल्यांनाही, द्या म्हणून. मी लगेच तुला क्लिप पाठवली होती. पुढे त्यांच्याच सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलर फी लावली. परतताना तीच फी आडवी येईल, म्हणून आता 'सगळं सोडून थोडे दिवस घरी ये' असंही तुला म्हणवत नाही.

तरी माझं अर्धं म्हणणं ऐक. सरसकट नको, पण मास्टर्स करून त्याच विषयात काम करणाऱ्या मुलीची पारख तिच्या कामावरून तरी व्हावी! आज एच-वन-बीच्या वर्षाला ८५ हजार जागा, त्यांतल्या २० हजार तिथल्या मास्टर्सवाल्यांच्या, आणि नाव निघणार सोडतीत. निघालंच, तर पुढे ग्रीन कार्डाची रांग. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांच्या वर नाहीत, म्हणून आपली मुलं दहा-दहा वर्षं ताटकळतात. तोवर तिथलं राहणं मालकाच्या मर्जीवर. साहेब चुकला तरी ब्र काढायची सोय नाही. आणि तू गप्प बसणारी नव्हेस.

सातवीतल्या स्पर्धेतला तुझा तो पूल आठवतो? परीक्षकांनी वजन मधोमध न ठेवता कडेला ठेवलं, तर तू सगळ्यांसमोर त्यांना थांबवलंस. मी मागे उभा राहून घामाघूम झालो होतो. आक्का अजून तो किस्सा येईल त्याला सांगते. तुझा तो स्वभाव मोडू नये, एवढंच मला वाटतं.

नोकरीविना राहायच्या ९० दिवसांतले किती गेले गं? विचारणार नव्हतो, पण ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यावर, बिनकामाचा प्रत्येक दिवस मोजला जातो हे कळल्यापासून मीही इथे मोजत बसतो. तुझ्या विषयातलं आठवड्याला २० तासांचं काम मिळालं, बिनपगारी का असेना, तरी मोजणी थांबते असं तूच सांगितलं होतंस. मग प्रोफेसरबाईंना विचारायला संकोच कसला? मदत मागण्यात कमीपणा नसतो, आणि हट्टाने... जाऊ दे. पुन्हा भाषण सुरू झालं. रागावू नकोस.

दादाला रेझ्युमे आजच पाठव, तो वाट बघतोय. कर्जाचा या महिन्याचा हप्ता मी भरलाय, पुढचाही भरेन. आणि प्रोफेसरबाई काय म्हणाल्या ते रात्री कितीही वाजले तरी कळव. मी जागाच असतो.

तुझा,
बाबा