बाबांचं ऑपरेशन तूर्तास नको

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या खांद्याच्या ऑपरेशनची तारीख मी काल फोन करून पुढे ढकलली. तुम्हाला न विचारता. रागवा हवं तर, पण पत्र पुरतं वाचा. फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून आईकडे फोन दिला असतात.

एमआरआयच्या कागदावर ‘अर्धवट चीर’ वाचल्यापासून आईची झोप उडालीय. आई, दंडाचं हाड खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात. त्यांतल्या वरच्याचा, सुप्रास्पायनेटसचा, हाडाला चिकटणारा पट्टा वयानं जुन्या धोतरासारखा विरतो. 1995 साली खांदा मुळीच न दुखणाऱ्यांचे एमआरआय काढले, तेव्हा साठीपुढच्या निम्म्याहून जास्त लोकांत चीर निघाली. म्हणजे चीर दिसली की दुखणं तिचंच, असं नसतं.

डॉक्टर भले आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दुर्बिणीतून हाड घासून जागा करायचं हेच ऑपरेशन ब्रिटनमध्ये 313 रुग्णांवर तपासलंय. काहींचं खरं केलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली, काहींना काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी खऱ्या आणि खोट्या ऑपरेशनवाल्यांत फरक नव्हता. फिनलंडमध्ये दोन वर्षांनीही तेच दिसलं.

कायमचं नको म्हणत नाहीये हं. पट्टा आरपार फाटला तर गोष्ट वेगळी. नॉर्वेत तो शिवून घेतलेले दहा वर्षांनी व्यायामवाल्यांपेक्षा बरे होते. पण अमेरिकेत आरपार फाटलेल्या, मार न लागलेल्या 452 जणांना आधी व्यायाम दिला, तर दोन वर्षांत पाऊण लोकांना ऑपरेशन लागलंच नाही. ज्यांनी करून घेतलं, त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या 12 आठवड्यांतच ठरवलं. म्हणून मी तेवढेच आठवडे मागतेय. आत्याच्या वेळचं तुमच्या मनात आहे, मला कळतं. हे तसं नाही. दादाशीही बोललेय.

आईची नाइट असली की तुम्ही माझ्या दोन वेण्या घालायचात, लाल रिबिनी दातात धरून. मागच्या खेपेला आरशासमोर तुमचा हात कानापाशी अडकला आणि कंगवा तुम्ही डाव्या हातात घेतलात. मी पाहिलं, बोलले नाही. तो हात वर जायलाच हवा, बाबा.

तर आता ऐका. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. उताणे झोपा, दंडाखाली उशी. सदरा घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी. आई, वरच्या फळीवरचे डबे खाली घे, बाबा स्टुलावर चढतात. झोपच लागेना तर डॉक्टर एक इंजेक्शन देतील; काही आठवडे आराम पडतो, पण साखर वाढते, तेव्हा आधी तपासा. आणि पडलात, किंवा हात एकाएकी उचलेनासा झाला, तर माझी वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

फिजिओ ताई सोमवारपासून घरी येतील, पैसे मी भरलेत. व्यायामात थोडं दुखेल, तेवढं चालतं. ‘आज बरंय’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवायचं नाही. आई, तू समोर बसून करून घे.

मनाला लागलं असेल तर रात्री कितीही वाजता फोन करा.

तुमची,
मनू