नागपूरच्या आमच्या प्लंबरभाऊंना जाहीर आभारपत्र

प्लंबरभाऊ,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात किरायाने घरं देणारे आम्ही काही घरमालक हे पत्र तुम्हाला मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितो आहोत. तुमच्या मजुरीचा हिशोब वेळच्या वेळी चुकता झाला. पण काम करताना तुम्ही जे समजावून दिलंत, त्याचं बिल तुम्ही कधी लावलं नाही. ते इतर घरमालकांच्याही हाती पडावं, म्हणून आभार मानता मानता सगळं तपशिलानं लिहितो.

तुमचं मूळ सांगणं एकच होतं: किरायाच्या घरात तेच बसवा जे माणसं बदलली तरी चालत राहील. अकरा महिन्यांचा करार, मग दुसरं कुटुंब, मग तिसरं. ज्या वस्तूला कुणीतरी रोज आठवणीनं हात लावावा लागतो, ती तिसऱ्या किरायेदारापर्यंत बंद पडलेली असते. त्यात खर्च मालकाचा आणि बिलातली बचत किरायेदाराची, म्हणून दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. ही गाठ सोडवायला तुम्ही कधी महागड्या वस्तूपासून सुरुवात करायला लावली नाही. गळतीपासून लावली.

घर रिकामं झाल्यावर मधे जे दोन-चार दिवस मिळतात, ते या तपासणीचे. फ्लशच्या टाकीत चिमूटभर खायचा रंग टाकायचा आणि वीस मिनिटं फ्लश वापरायचा नाही. भांड्यात रंग उतरला, तर तळाचं रबर पाणी धरत नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसून ते नीट टेकत नाही. कधी नुसतं पुसून काम होतं, कधी रबर बदलावं लागतं. मग रात्री पंप बंद ठेवून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि सकाळी पाहायची. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी, वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी घालवते. चार बिऱ्हाडांच्या घरात अशा तोट्या मोजल्या, तर वॉशरचा खर्च खर्च वाटत नाही.

दहा लिटरच्या जुन्या फ्लशमध्ये वीट ठेवायची सवय तुम्ही मोडलीत, हे बरं केलंत. वीट पाण्यात झिजते आणि तिचा चुरा झडपेखाली अडकून नवी गळती सुरू होते. त्याऐवजी रेती आणि पाणी भरलेली, घट्ट झाकणाची एक लिटरची बाटली ठेवायची. आधी एकच, कारण जुनं भांडं जास्त पाण्याच्या हिशोबानं केलेलं असतं. पाणी फार कमी केलं की एका फ्लशमध्ये साफ होत नाही, माणूस दोनदा ओढतो आणि बचत उलटते.

तोटीच्या तोंडाला लावायच्या एअरेटरचंही (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणाऱ्या जाळीचं) तसंच. सगळ्या मजल्यांना एकच माप नको, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या ध्यानात आलं नव्हतं. टाकी तोटीपेक्षा दहा फूट वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. मिनिटाला तीन लिटरचा एअरेटर तळमजल्यावर ठीक चालतो, पण सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यातून इतकी बारीक धार येते की किरायेदार तो काढून फेकतो. तिथे सहा लिटरचा लावायचा. दर तीन महिन्यांनी जाळी उघडून अर्धा तास निंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवली की क्षार सुटतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक पाणी वाया जातं, जे कुणी मोजत नाही. गच्चीवरची काळी टाकी आणि उघडी पाइपलाइन मे महिन्यात इतकी तापते की दुपारी तोटीला हात लावायची सोय नसते, म्हणून माणूस थंड पाणी येईपर्यंत तोटी सोडून ठेवतो. एक इंची पाइपच्या पन्नास फुटांत सात-आठ लिटर पाणी मावतं. ते सगळं मोरीत जातं, आणि टाकीच तापलेली असेल तर मागून येणारंही गरमच. टाकीवर सावली आणि पाइपला फोमचं वेष्टण, एवढ्यानं हे बरंच थांबतं. फोमवर ऊन थेट पडलं तर एक-दोन वर्षांत त्याचा भुगा होतो, म्हणून वरून पांढरी टेप गुंडाळायला तुम्ही सांगता. तीच टेप बाकीचे विसरतात.

गच्चीला चुना मारायचा तर होळीनंतर लगेच, मे अखेरचा नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, डोक्यावर आल्यावर नाही. आधी भेगा बुजवायच्या, गच्ची घासून धुवायची, ओली ठेवायची आणि संध्याकाळी पातळ हात द्यायचे, दोन किंवा तीन. भर उन्हात मारलेला चुना झटकन सुकतो, पकड धरत नाही आणि हाताला भुकटी लागते. चुना भिजवताना आणि मारताना डोळ्यांना चष्मा हवाच. पण गच्चीवरचं पावसाचं पाणी खड्ड्यातून जमिनीत मुरवायचं असेल, तर तुमचा सल्ला वेगळा होता: चुना नको, ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. चुना पहिल्या पावसात धुपून खड्ड्यातल्या रेतीत बसतो आणि पाणी मुरणं मंदावतं. दोन्ही कामं चांगली, पण एकमेकांच्या आड येतात. तुमच्याआधी हे कुणी जोडून सांगितलं नव्हतं.

त्या खड्ड्याबद्दल तर तुमचे विशेष आभार. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस टक्के वाया धरूनही सत्तर हजार लिटरच्या वर पाणी हाती लागतं. पण आपल्याकडे वर काळी माती. ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा म्हणजे डासांचं डबकं. मुरूम लागेपर्यंत खणायचं, तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर जाड रेती, आणि बाजूला सिमेंट न लावता रचलेल्या विटा, नाहीतर माती ढासळून रेतीत मिसळते. भरण्याआधी खड्डा पाण्यानं पूर्ण भरून दुसऱ्या दिवशी पाहायचा. पाणी तसंच उभं असेल तर खाली काळा दगड आहे, तिथे मुरवायचा हट्ट सोडून साठवण टाकी करायची. मुरवायचा खड्डा पायव्यापासून किमान दहा फूट लांब, कारण फुगणारी माती भिंतीला भेगा पाडते. सेप्टिक टँकपासून तर आणखी दूर.

पहिल्या सरीतली धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा खड्ड्यात जाऊ नये म्हणून वाटेत दोनशे लिटरचा ड्रम. त्या गच्चीवरच्या पहिल्या दोन मिलिमीटर पावसाला तो पुरतो. त्याच्या तळाला थेंब थेंब गळणारं बारीक छिद्र हवंच. ते नसेल तर ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण सरळ खाली जाते. दर मृगाआधी वरची तीन-चार इंच रेती खरवडून बदलायची.

कूलरला तळाशी झाकणाचा निप्पल आणि त्याला बागेत जाणारा पाइप लावून दिलात, तेव्हा किरायेदारांची मोठी अडचण गेली. आठवड्याला टाकी रिकामी करणं सोपं झालं. नुसती रिकामी करून भागत नाही, कडाही घासाव्या लागतात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात. ते पाणी क्षाराचं असतं, रोज एकाच कुंडीला नको. आणि कूलरसमोरची खिडकी उघडी राहील अशी कडी. बंद खोलीत हवा दमट होते, मग वाळ्याच्या ताट्या कितीही भिजवल्या तरी गारवा येत नाही.

विजेचं काम तुमचं नाही, तरी टाकी बसवताना तुम्ही ती गच्चीच्या उत्तर बाजूला सरकवलीत. दक्षिणेकडे कललेल्या सोलर पॅनेलवर तिची सावली पडत नाही ती त्यामुळेच. शेजारी एक तोटीही ठेवलीत, पहाटे काच थंड असताना धुवायला. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, तीन किंवा जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. पण जोडणी एका मीटरला होते, म्हणून कोणत्या बिऱ्हाडाचं बिल कमी होणार हे किराया ठरवतानाच बोलून घ्यावं. पंख्यांचं थोडक्यात: 75 वॅटच्या जागी 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकायचा, आणि भिंतीच्या बटणावरही वेग बदलणारा पंखा घ्यायचा, कारण घर सोडताना रिमोट हमखास सोबत जातो.

तुमच्या सांगण्यावरून आता प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून एक कागद चिकटवला आहे: कोणती झडप कुठे, जाळी कधी उघडायची, कूलर कसा रिकामा करायचा. मृगाआधीच्या कामाची तारीख त्यावर रिकामी ठेवली आहे. तुम्हाला जमेल तो दिवस कळवा, सगळ्या घरांची रेती एकदाच मागवून ठेवतो.

आपले कृतज्ञ,
नागपूरचे काही घरमालक