बेघर निवाऱ्यातील मोडलेल्या बागेविषयी मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या सोमवारी आपण आमच्या बेघर निवाऱ्याची पाहणी केलीत, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. आपल्या ताफ्यातील गाड्यांना जागा हवी म्हणून आदल्या रात्री इमारतीमागच्या आमच्या भाजीबागेवर रोलर फिरवण्यात आला, हे कदाचित आपल्या कानावर आले नसेल. आपण बारा मिनिटे होतात. बाग उभी करायला आम्हांला चौदा महिने लागले होते.

गेल्या वर्षी त्याच जागी आपण वृक्षारोपण केले आणि नळ देण्याचा शब्द दिला. नळ आला नाही. आपले रोप मात्र आम्ही हात-पाय धुतलेल्या पाण्यावर जगवले. परवा तेही गेले.

तिथे मुळात राडारोडा होता. शहरातल्या अशा मातीत जुन्या रंगांतले शिसे उतरलेले असू शकते, म्हणून आम्ही उंच वाफे बांधले आणि पालापाचोळा व ओला कचरा थरांनी रचून खत केले. तो ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही, आणि तो वरखाली करायला पहाटे उठावे लागते, कारण सकाळी सातला निवारा रिकामा करण्याचा नियम आहे. माझी कंबर कायमची धरलेली आहे. पाण्याच्या बादल्या वाहिल्या त्या याच कंबरेने. पदपथावर काढलेल्या सहा वर्षांत मला कोणी काही विचारले नव्हते. टोमॅटो कधी पिकतील, हे मात्र रोज कोणीतरी विचारी.

अधिकारी म्हणतात, पुन्हा लावा. रोलरखाली माती दबली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळे आत शिरत नाहीत. शिवाय रोप लावल्यापासून टोमॅटो पिकायला दोन-अडीच महिने लागतात आणि आपल्या खात्याच्या हिशेबात आम्ही एकेका रात्रीचे. नळासाठीचा आमचा अर्ज 'अर्जदाराचा कायमचा पत्ता नाही' या शेऱ्यासह परत आला. बेघराकडे कायमचा पत्ता मागणाऱ्या या बुद्धीसाठी एखादा शासकीय पुरस्कार आहे का, याची चौकशी व्हावी.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांत जगभरच्या सरकारांनी २०३० पर्यंत सर्वांना पुरेसा निवारा आणि हिरव्या सार्वजनिक जागा देण्याचे ध्येय मान्य केले. त्याच्या दहा वर्षे आधी याच संयुक्त राष्ट्रांनी जगात सुमारे १० कोटी माणसे बेघर असल्याचा अंदाज दिला होता. आज किती आहेत हे मोजायचे तर माणूस जिथे झोपतो तिथे रात्री जावे लागते. सरकारे दुपारी येतात.

माती मोकळी करून द्यावी, नळ द्यावा आणि ही जागा किमान एक वर्ष कोणी घेणार नाही, असे लेखी द्यावे. रोलरखालून वाचलेली नऊ रोपे फुटक्या बादल्यांत ठेवली आहेत. ती तिथे फार दिवस तग धरणार नाहीत, म्हणून उत्तर लवकर पाठवावे. पत्त्याच्या जागी निवारा, खाट क्रमांक १७, एवढे पुरेल.

आपला,
निवाऱ्यातील एक रहिवासी