गिटारच्या आतल्या पट्ट्या पावसाळ्यात चिकटवू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत गिटार शिकणाऱ्या मुलांविषयीचा लेख वाचला. स्वस्त गिटारींना तडे जातात ते हलक्या लाकडामुळे, असं त्यात म्हटलं आहे. कधीकधी ते खरं असतं. पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींच्या पोटात दिवा आणि छोटा आरसा घालून पाहिलं, की दोष बहुतेकदा आतल्या आधारपट्ट्यांत सापडतो. आम्ही त्यांना ब्रेस म्हणतो. त्या कशा बसवल्या आणि कसल्या हवेत चिकटवल्या, यावर पुढचं सगळं ठरतं.

मी 34 वर्षं शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅटर्नमेकर होतो. ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते सागवानाचे नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचो. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. निवृत्तीनंतर गिटार करायला लागलो, तेव्हा लाकडाचं आकसणंही तितक्याच काटेकोरपणे मोजावं लागेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पहिली गिटार मी जुलैत, धो धो पावसात जोडली. फेब्रुवारीत तिची पुढची फळी मधोमध खाली बसली आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीच्या, मागे लाकडाच्या रेषेत बोटभर लांब तडा गेला. ती पुतणीसाठी केली होती. तिच्या हातात ती तशी पाहताना फार वाईट वाटलं.

पुढची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, जाडी अडीच-तीन मिलिमीटर. हे लाकूड दमट हवेत रेषेच्या आडवं फुगतं, लांबीत जवळपास हलतच नाही. 38 सेंटिमीटर रुंद फळी 80 टक्के आर्द्रतेतून 45 टक्क्यांच्या हवेत नेऊन ठेवली, तर ती हळूहळू चारएक मिलिमीटर अरुंद होते. आतल्या पट्ट्या मात्र तिच्या रेषांना आडव्या-तिरक्या चिकटलेल्या असतात आणि त्यांची लांबी बदलत नाही. फुगलेल्या फळीवर पट्ट्या चिकटवल्या, की उन्हाळ्यात फळी आकसू पाहते आणि पट्टी तिला आकसू देत नाही. मग फळी आत बसते, नाहीतर फाटते. कोरड्या हवेत चिकटवलेली फळी पावसाळ्यात थोडी वर फुगते, तारा जरा उंच होतात, पण वाद्य फुटत नाही.

म्हणून माझ्या खोलीतला आर्द्रतामापक 45 ते 50 दाखवत नसेल, तर मी गोंदाची बाटली उघडत नाही. जून ते ऑक्टोबर मी दांडे कोरतो, बाजू वाकवतो, पण ब्रेस चिकटवत नाही.

बसवण्याचं काम चिकटवण्याहून अवघड आहे. पट्टीचं लाकूड करवतीने कापण्याआधी मी ते रेषेबरोबर फोडून घेतो, म्हणजे धागे टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. फळी सपाट नसते, तिला मधोमध जेमतेम दोन मिलिमीटरचा फुगवटा असतो. पट्टीचा तळ त्याच वळणाचा करावा लागतो. पॉलिशपेपर लावलेल्या खोलगट पाटावर तळाला खडू फासून घासतो. खडू सगळीकडून सारखा गेला, की पट्टी फळीवर ठेवून उजेडाकडे धरतो. बोटाने दाबल्यावर कुठूनही उजेड दिसता कामा नये. फट क्लॅम्पने दाबून बुजवणारे कारागीर मी पाहिले आहेत. तशी दाबलेली पट्टी पुढे वर्षानुवर्षं उसळी मारत राहते आणि एक दिवस टोकाकडून सुटते.

दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या बसतात. 1840 च्या दशकात अमेरिकेतल्या सी. एफ. मार्टिन यांच्या गिटारींत ही रचना दिसू लागली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पोलादी तारा नंतर आल्या, आणि त्यांची सत्तरएक किलोंची ओढही हीच फुली पेलते. फुलीचा सांधा अर्धा-अर्धा खाचून बसवायचा. तो सैल राहिला, तर सगळी गिटारच सैल होते.

चिकटवताना मी बांबूच्या कामट्या वापरतो. गिटारची फळी खालच्या पाटावर ठेवायची, वर एक जाड लाकडी छत पक्कं बसवलेलं असतं; ते छत आणि पट्टी यांतल्या अंतरापेक्षा कामटी थोडी लांब कापायची, वाकवून मध्ये अडकवायची, की ती पट्टीला सरळ खाली दाबत राहते. एका गिटारला पंचवीस-तीस कामट्या लागतात. गोंद सुकल्यावर कडक होणाराच हवा. गरम सरस उत्तम, पण तो मिनिटभरात घट्ट होऊ लागतो, हात फार चपळ लागतो. मऊ राहणारा पांढरा गोंद ओढीखाली हळूहळू सरकतो, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर लवकरच. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नये, स्प्रूस पाणी पिते. शीतपेयाच्या नळीचं टोक तिरकं कापून कोपऱ्यातून फिरवलं, की तो नळीत गोळा होतो. मग 24 तास हात लावायचा नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हा शेजाऱ्यांना अभिमान आहे. आपल्याकडे गिटार करू लागलेल्या तरुणांनीही तितक्याच निष्ठेने काम करावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांना माझी एक विनंती आहे. ब्रेस चिकटवण्याआधी फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहा. पालकांनीही गिटार घेताना दुकानात आरसा मागावा आणि आत काही लिहिलंय का, पट्ट्यांच्या टोकांशी फट आहे का, हे पाहावं. पुतणीसाठी केलेल्या दुसऱ्या गिटारमध्ये मी लिहिलं आहे : 11 मार्च, 46 टक्के.

एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर